आजी, नात आणि तपकिरी डबा

प्रश्न : आम्ही जर्मनीत राहतो. मुलगी चौथीत आहे. शाळेत पर्यावरणाविषयी जे शिकवतात ते ती घरी येऊन सगळ्यांना ऐकवते. सासूबाई-सासरे तीन महिन्यांसाठी आले आहेत. परवा सासूबाईंनी चहाचा चोथा चुकीच्या डब्यात टाकला, तेव्हा तिने त्यांना सर्वांसमोर सुनावले आणि त्या दिवसभर गप्प होत्या. यजमान म्हणतात, दरवर्षी विमानाने भारतात जाणाऱ्यांनी दह्याच्या डब्या धुऊन काय साधते? मला चांगल्या सवयी लावायच्या आहेत, पण घरात रोजची खडाजंगी नको.

उत्तर : यजमानांच्या आक्षेपापासूनच सुरुवात करणे बरे, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. फ्रँकफर्टहून मुंबईला जाऊन परत येण्यात साध्या वर्गातील एका प्रवाशामागे सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि विमानाच्या धुराचे उंचावर होणारे इतर परिणाम धरले तर हा भार बराच वाढतो. जर्मनीत एका माणसाचे वर्षभराचे सरासरी उत्सर्जन दहा टनांच्या घरात आहे. त्याच्याशी ताडून पाहिले, तर डब्यांच्या वर्गीकरणाने या प्रवासाची भरपाई होत नाही हे मान्यच करावे लागेल. तरीही ज्यांचे आईवडील तिकडे आहेत त्यांना ‘जाऊ नका’ असे सांगणे मला योग्य वाटत नाही. मात्र दिवाळीला एक फेरी आणि नात्यातल्या लग्नासाठी लगेच दुसरी, असे होत असेल, तर तिथे विचाराला वाव आहे. जर्मनीत शाळा बुडवण्याची मुभा जवळजवळ नसतेच. त्यामुळे उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांच्या सुट्टीत एकच लांब मुक्काम करावा, आणि नोकरीच्या ठिकाणी परवानगी मिळत असेल तर त्यातले काही दिवस तिकडूनच काम करावे. नातवंडांनाही आठवड्याच्या धावपळीपेक्षा महिनाभराचा सहवास अधिक लाभतो.

विमानानंतर वळावे ते घर तापवण्याकडे, कारण जर्मन घरांत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा त्यातच जाते. खोलीचे तापमान एका अंशाने कमी ठेवले तर तापवण्याच्या ऊर्जेत साधारण ६ टक्के बचत होते. ही बचत सासू-सासऱ्यांच्या खोलीत करू नये. महाराष्ट्राच्या हवेत आयुष्य गेलेल्या माणसांना १९ अंशांत बसवणे हा पर्यावरणाचा विचार नव्हे. उरलेल्या खोल्यांत, विशेषतः रात्री झोपण्याच्या खोल्यांत, ते सहज जमते. आपल्या घरांतली खरी गळती मात्र वेगळीच असते. फोडणीचा वास जावा म्हणून आपण स्वयंपाकघराची खिडकी तासन्‌तास तिरकी उघडी ठेवतो आणि तिच्याखालचा हीटर चालूच असतो. तेवढ्याने वास पुरता जात नाही आणि खिडकीभोवतीची भिंत गार पडून तिथे बुरशी धरते. त्याऐवजी स्वयंपाक आटोपल्यावर हीटरची कळ बंद करून समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटे पूर्ण उघडाव्यात आणि मग लावून घ्याव्यात. कपडे घरात वाळत घातले असतील तेव्हाही हेच करावे. हे काम यजमानांकडे द्यावे असे मी सुचवेन; ज्याला आकड्यांत रस आहे त्याला हिशेबही ठेवू द्यावा. हीटरवर दूरवरून वाचता येणारे मीटर असतील, तर घरमालकाने भाडेकरूला दरमहा वापराची माहिती देणे २०२२पासून बंधनकारक आहे.

आता तो चोथा. सासूबाईंना वर्गीकरण ठाऊक नाही असे समजू नये. ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा, ही पद्धत महाराष्ट्रातल्या शहरांत त्यांनी पाहिलेली, बहुधा पाळलेलीही असेल. इथे सुक्याचेच चार-पाच भाग होतात आणि डब्यांवरच्या सूचना जर्मन भाषेत असतात, म्हणून त्यांचा गोंधळ होतो. मुलीला प्रत्येक डब्यासाठी मराठीत ठसठशीत पाटी लिहायला सांगा, आणि काय लिहायचे ते तिने आजीला विचारून ठरवावे : चोथा, साली, देठ, कढीपत्त्याच्या काड्या, सुकलेली फुले. (मराठी लिहिण्याचा सराव आयताच होतो, हेही आहेच.) ओट्यावर झाकणाचे लहान भांडे ठेवून त्यात वर्तमानपत्राचा कागद घालावा आणि ते भांडे आजीच्या ताब्यात असावे, खाली जाऊन बायोटोनेत, म्हणजे बहुतेक ठिकाणच्या त्या तपकिरी डब्यात, रिकामे करण्याचे काम नातीचे. शिजवलेले अन्न त्यात चालते की नाही याचे नियम गावोगाव बदलतात, तेव्हा आपल्या नगरपालिकेचे पत्रक एकदा नीट वाचावे. ‘विघटनशील’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या पिशव्या अनेक ठिकाणी चालत नाहीत, आणि हे पुष्कळांना माहीत नसते.

यजमानांनाही एक दिलासा देता येईल : दह्याची डबी धुण्याची गरजच नसते. चमच्याने निपटून घेतली की पुरे. फक्त वरचे झाकण सुटे करून डबी आणि झाकण दोन्ही पिवळ्या, म्हणजे वेष्टनांच्या कचऱ्याच्या, डब्यात टाकावे. गरम पाणी आणि साबण वापरून ती लख्ख करणे व्यर्थ आहे.

मुलीशी मात्र स्पष्ट बोलावे लागेल, आणि ते तुम्ही दोघांनी मिळून, आजी समोर नसताना बोलावे. तिची तळमळ खरी आहे, तिला दटावून ती विझवू नका. पण वडीलधाऱ्यांची चूक चारचौघांत काढायची नाही, हा नियम शाळेत काहीही शिकवले तरी कायम राहतो हे तिला समजले पाहिजे. चूक दिसली तर तिने मुकाट्याने वस्तू योग्य डब्यात टाकावी. परतफेडीच्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकून येणेही तिच्याकडे सोपवा आणि एकदा वापरायच्या प्रत्येक बाटलीमागे मिळणारे २५ सेंट तिलाच ठेवू द्या. अर्थात बाटल्या मुळात आणाव्याच लागू नयेत हे उत्तम, कारण जर्मनीत नळाचे पाणी निःशंकपणे पिता येते. सासऱ्यांना ते पटत नसेल तर तांब्यात भरून समोर ठेवावे, वाद घालू नये.

अन्न वाया जाणे हा विषय तुमच्या पत्रात नाही, पण त्याला डब्यांपेक्षा अधिक महत्त्व आहे. जर्मनीत वर्षाला सुमारे १.१ कोटी टन अन्न फेकले जाते आणि त्यातले निम्म्याहून अधिक घराघरांतून जाते. मराठी घरांत शिळ्या पोळीची फोडणीची पोळी आणि उरलेल्या भाताचा फोडणीचा भात होतो, त्यामुळे आपण निश्चिंत असतो. प्रत्यक्षात वाया जाते ते भारतीय दुकान लांब आहे म्हणून एकदम आणलेल्या मेथी-कोथिंबिरीचे आणि पाहुणे येणार म्हणून दुप्पट शिजवलेल्या भाज्यांचे. कोथिंबीर निवडून, चिरून गोठवावी. पाहुण्यांना निघताना डबे भरून द्यावेत. डबे परत करायला ते पुन्हा येतील.

तळणीचे तेल मोरीत ओतू नये. थंड करून, बंद बाटलीत भरून उर्वरित कचऱ्याच्या डब्यात टाकावे. गणपतीला शाडूची मूर्ती असेल तर घरीच बादलीत विसर्जन करावे, गाळ बेसिनमध्ये न ओतता कुंड्यांत पसरावा, आणि निर्माल्यातला दोरा व जर काढून घेऊन फुले आजीच्या त्या भांड्यात घालावीत.