वाचकांचे प्रश्न : घरगुती लेझर यंत्रासाठी परवडणारा चष्मा

प्रश्न : लाकडी नावपाट्या करण्यासाठी आणि स्टीलच्या भांड्यांवर नावे घालण्यासाठी मी ५ वॉटचे, निळ्या किरणाचे लेझर यंत्र घेतले आहे. त्यासोबत आलेल्या हिरव्या चष्म्यावर काहीही छापलेले नाही. तो चालेल का? नसल्यास कमी खर्चात कोणता घ्यावा?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : तो चष्मा कृपया वापरू नका. काचेच्या रंगावरून संरक्षण ठरत नाही; ते तरंगलांबी आणि ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजेच ओडी, या दोन आकड्यांवरून ठरते, आणि ते आकडे काचेवर किंवा दांडीवर छापलेले असावे लागतात. आपल्या यंत्राच्या किरणाची तरंगलांबी बहुधा ४५० नॅनोमीटरच्या आसपास असेल. यंत्रावरील पट्टी वाचून खात्री करून घ्यावी. ओडी ४ म्हणजे दहा हजारांतला एकच भाग पलीकडे जातो, त्यामुळे ५ वॉटचे अर्धा मिलिवॉट उरतात. डोळा मिटायला लागणाऱ्या पाव सेकंदापुरती दृश्य किरणाची सुरक्षित मर्यादा १ मिलिवॉट मानतात, हे पाहता ओडी ४ जेमतेम पुरतो. थोडे पैसे जास्त पडले तरी ओडी ५ किंवा ६ घ्यावा. ईएन २०७ या युरोपीय मानकाची खूण असल्यास उत्तम.

घरी एक ढोबळ चाचणी करता येते. मोबाइलच्या पडद्यावर गडद निळा रंग आणून तो चष्म्यातून पाहावा. निळा स्पष्ट दिसला तर चष्मा बाद. न दिसला म्हणून मात्र तो सुरक्षित ठरत नाही. उन्हाचा गॉगल किंवा वेल्डिंगची काच या कामाची नाही. पुढे १,०६४ नॅनोमीटरचे फायबर लेझर घेतल्यास त्याचा किरण दिसतच नाही आणि त्याला चष्माही वेगळाच लागतो.

आपण भांड्यांचा उल्लेख केला, म्हणून आग्रहाने सांगावेसे वाटते की स्टीलच्या गोलाईवरून किरण कोणत्या दिशेला उडेल याचा नेम नसतो, आणि आपल्याकडे वैशाखात दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवून काम चालते, तेव्हा कुतूहलाने डोकावणाऱ्या लहान मुलाच्या डोळ्यांवर चष्मा नसतो. त्यामुळे माझ्या मते पहिला खर्च पेटीवर करावा. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याची बंद पेटी, आतून काळा मॅट रंग, धुरासाठी पंखा आणि झाकण उघडताच लेझर बंद करणारा स्विच, एवढे करून घ्यावे. पंख्याच्या तोंडातून किरण सरळ बाहेर येणार नाही, असे वळण तिथे ठेवावे. काम पाहायला आत साधा कॅमेरा बसवला तर खिडकीची गरजच राहत नाही. पेटी असली तरी चष्मा हवाच, कारण किरण जुळवताना झाकण उघडे ठेवावे लागते. मदतीला कोणी थांबत असेल, तर त्याच्यासाठीही तसाच दुसरा चष्मा घ्यावा.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. त्यामुळे डोळ्यांवर झळक आल्यानंतर नजरेसमोर डाग राहिला किंवा अक्षरे वाकडी दिसू लागली, तर दुखण्याची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्यावा.