इंग्लंडातल्या कौन्सिलला भारतीय पासपोर्टवर मत देता येतं का?

प्रश्न : माझा मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये रग्बी गावात राहतात. तो आधी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होता, आता तिकडं नोकरीच्या व्हिसावर आहे. त्यांच्या भाड्याच्या घरी मतदार नोंदणीचं पत्र आलंय. मे महिन्यात तिथल्या कौन्सिलची, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेची, निवडणूक आहे म्हणे. दोघांचे पासपोर्ट भारताचे. उगाच कुठं सही केली आणि नागरिकत्वाचं काही झालं तर? मी त्याला पत्र बाजूला ठेव म्हणून सांगितलंय.
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, आज रात्रीच फोन करा आणि पत्राचं उत्तर द्यायला सांगा. तुमची भीती मी समजू शकतो, पण ती निराधार आहे.

भारत कॉमनवेल्थमधला देश. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर परवान्यावर राहत असेल, तर त्याला मतदार म्हणून नाव घालता येतं. कौन्सिलसाठीही आणि तिथल्या संसदेसाठीही. नोकरीचा व्हिसा चालतो, सूनबाईंचा जोडीदार म्हणून मिळालेला व्हिसाही चालतो. वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. नागरिकत्वाचं म्हणाल, तर आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं तर भारताचं जातं. मत दिल्यानं कुठलंच नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळं जायचाही प्रश्न नाही.

उलट पत्र बाजूला ठेवण्यातच धोका आहे. घरात कोण कोण राहतं हे विचारणारा फॉर्म कौन्सिल दरवर्षी पाठवते. त्याला उत्तर दिलं नाही तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या नावानं नोंदणीची मागणी आली आणि तुम्ही गप्प बसलात, तर ८० पौंड. लगेच कुणी पावती फाडत नाही, आधी स्मरणपत्रं येतात. पण परमुलखात कायद्याचं पत्र न वाचता ठेवू नये. नोंदणीची मुदत मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी संपते, तेव्हा घाई करा.

आता एक गोष्ट नीट बघायला सांगा. २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. भारताचा पासपोर्ट त्याला चालतो. अडचण येते ती नावाची. आपल्याकडं बाईचा पासपोर्ट पुष्कळदा माहेरच्या नावावर असतो, आणि बाकी सगळीकडं सासरचं आडनाव लागलेलं असतं. यादीतलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच असू द्या. निवडणुकीच्या कामात मी उमेदीची वर्षं घालवली आहेत, आणि नावातल्या फरकापायी केंद्राच्या दारातून परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं हो.

मतदान बहुधा मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १० पर्यंत. सुट्टी नसते, कामावरून सुटल्यावर जाता येतं. केंद्र शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, क्वचित पबमध्येसुद्धा असतं. यंत्र नाही, बोटाला शाई नाही. कागदी मतपत्रिका, बूथमध्ये ठेवलेली पेन्सिल, आणि आवडत्या नावापुढं फुली. ‘नोटा’ नाही.

दोघांनी मत द्यावंच असं मला का वाटतं, तेही सांगतो. आपल्याकडं घरफाळा मालकाच्या नावानं येतो. तिथं कौन्सिल टॅक्स सहसा घरात राहणाऱ्यानं, म्हणजे भाडेकरूनं भरायचा असतो. म्हणजे तुमचा मुलगा पैसे भरतोच आहे. आणि ज्या सभागृहात कचऱ्याच्या गाड्यांचं, बांधकाम परवान्यांचं, बेघरांच्या निवाऱ्याचं ठरतं, तिथं बसणारा माणूस निवडायला शंभरातले जेमतेम तीस-पस्तीस मतदार बाहेर पडतात. थोड्या मतांनी निकाल फिरतो. समान मतं पडली तर चिठ्ठी टाकूनसुद्धा निवड होते.

कोल्हापूरकराला हे वेगळं पटवून द्यायला नको. नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, आणि पुढचं मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. मधली पाच वर्षं गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं, कोंडाळा ओसंडून वाहिला, तर रात्री दहा वाजता ज्याच्या दारावर थाप मारावी असा आपला निवडलेला माणूस नव्हता. ज्यानं हे भोगलंय त्यानं मताचा कागद हातात आला असताना ठेवून देऊ नये.

प्रश्न : तिथला नगरसेवक व्हायला किती खर्च येतो? पक्षाचं तिकीट नसलं तर भागतं का? आरक्षण आहे का?
– एक कार्यकर्ता, शिवाजी पेठ

उत्तर : अनामत रक्कम शून्य. उमेदवारी अर्जावर त्या वॉर्डातले दोन मतदार, एक सूचक आणि एक अनुमोदक, एवढ्या सह्या पुरतात. पूर्वी दहा लागायच्या. प्रचारखर्चाला कायद्यानं मर्यादा आहे : हजार पौंडांच्या आतली मूळ रक्कम आणि त्यावर दर मतदारामागं काही पेन्स. एवढ्यात जेवणावळी बसत नाहीत, आणि मतदाराला खाऊ-पिऊ घालणं हा तिथंही गुन्हाच आहे. उमेदवार पत्रकं छापतो आणि दारोदार जाऊन ती पत्रपेटीच्या फटीतून आत टाकतो. निवडून आल्यावर पगार नाही, वार्षिक भत्ता मिळतो. बहुतेक जण आपली नोकरी सांभाळूनच हे काम करतात.

पक्षाशिवाय आघाडी करून लढायची आपली कोल्हापूरची सवय तुम्हाला ठाऊक आहे. लंडनला लागून सरे काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एप्सम अँड यूअल नावाचं कौन्सिल आहे. तिथं १९३० च्या दशकापासून रहिवाशांच्या संघटनाच सत्तेवर आहेत, मोठ्या पक्षांना तिथं बहुमत मिळालेलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

आरक्षण मात्र नाही, ना महिलांना ना मागासांना. आपल्याकडं निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. या बाबतीत आपण त्यांच्या पुढं आहोत, आणि हे मी अभिमानानं म्हणतो.

आणखी एक फरक. आपल्या चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेला वेगळं मत द्यावं लागतं. तिथं वॉर्डात तीन जागा भरायच्या असतील, तर सगळे उमेदवार एकाच यादीत असतात आणि त्यातल्या तिघांपर्यंत फुल्या मारायच्या. एकीवर थांबलात तरी मत बाद होत नाही. रग्बीसारख्या कौन्सिलात तर एकाच वेळी सगळं सभागृह बदलत नाही. एकेक तृतीयांश जागा पाळीपाळीनं निवडल्या जातात आणि चौथ्या वर्षी काउंटीची निवडणूक असते.

प्रश्न : इंग्लंडात लहान कौन्सिलं मोडून मोठी करणार असं वाचलं. म्हणजे हद्दवाढच ना? मग आमचं गाव कोल्हापूर शहरात घ्यायला आमचा विरोध चुकीचा कसा?
– एक ग्रामस्थ, उचगाव

उत्तर : पुरती हद्दवाढ नाही. त्यांच्याकडं पुष्कळ भागांत दोन मजले आहेत. वर काउंटी : शाळा, रस्ते, वृद्धांची देखभाल. खाली डिस्ट्रिक्ट : कचरा, घरं, बांधकाम परवाने. खड्ड्यासाठी एका कचेरीत आणि कचऱ्यासाठी दुसऱ्या, अशी लोकांची फरफट होते. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं हे दोन्ही मोडून एकच कौन्सिल करायचं धोरण मांडलं, साधारण पाच लाख लोकसंख्येमागं एक. आपलं कोल्हापूर शहर २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या जवळ होतं, म्हणजे त्यांचं नवं माप आपल्याएवढं.

तुमच्या विरोधाला मी चुकीचा म्हणत नाही. १९७२ ला महापालिका झाल्यापासून शहराची हद्द वाढली नाही, त्यानं शहराची कोंडी झाली, हे खरं. पण रग्बीत सव्वा लाखाच्या आत लोकवस्तीला ४२ सदस्य आहेत आणि कोल्हापूरला ८१. म्हणजे तिथं साधारण २,७०० माणसांमागं एक, इथं ६,८०० मागं एक. कौन्सिलं मोठी झाली की तिथलाही सदस्य लोकांपासून दूर जाणार, आणि हीच चिंता तिथली माणसं बोलून दाखवताहेत. उचगाव, पाचगाव, कळंब्याच्या लोकांनी हद्दवाढीच्या चर्चेत घरफाळ्याबरोबर हाही प्रश्न लेखी विचारावा : आज ग्रामपंचायतीत आमचे जेवढे सदस्य आहेत, त्यांच्या जागी महापालिकेत आमचे किती असतील?