‘सांस्कृतिक नम्रता’ की आणखी काही?

नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: ‘कल्चरल ह्युमिलिटी’ला ‘सांस्कृतिक नम्रता’ म्हटलं, की मुली ‘पेशंटशी गोड बोलायचं’ एवढाच अर्थ घेतात. दुसरा शब्द सुचतो का?

मुलींचं चुकत नाही. ‘नम्र विनंती’, ‘विनम्र अभिवादन’ असं पत्रांत आणि फलकांवर वापरून वापरून आपण नम्रता बोलण्यापुरती करून टाकली आहे. ही कल्पना मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ साली मांडली, ती ‘कल्चरल कॉम्पिटन्स’ म्हणजे सांस्कृतिक प्रावीण्य या कल्पनेला उत्तर म्हणून. अमक्या समाजाच्या चालीरीती पाठ केल्या की झालात तुम्ही तरबेज, ही समजूत त्यांना खोडायची होती. त्यांच्या मते हे शिकणं संपतच नाही. स्वतःचे पूर्वग्रह जन्मभर तपासत राहायचे, आणि खाटेवरच्या माणसापेक्षा आपलं पारडं जड आहे याचं भान ठेवायचं.

म्हणून मला ‘विनय’ जवळचा वाटतो. ‘वि’ अधिक ‘नी’ म्हणजे नेणे, यातून तो आला. संस्कृतात त्याला शिकवण, वळण, शिस्त असेही अर्थ आहेत. बौद्ध भिक्खूंच्या आचारनियमांचं ‘विनयपिटक’ त्यातलंच. पण ‘विनयभंग’ या शब्दामुळे विनय म्हटलं की आपल्याला आधी स्त्रीची लज्जा आठवते. तेव्हा ‘सांस्कृतिक विनयशीलता’ म्हणावं. लांब आहे, पण गोंधळ होत नाही.

वर्गात मात्र व्याख्येआधी प्रसंग सांगा. माझ्या आत्याच्या ऑपरेशनच्या सकाळी हातातल्या हिरव्या बांगड्या निघेनात. साबण लावून झाला, तेल लावून झालं. केरळहून आलेली तरुण सिस्टर अगदी हळू आवाजात म्हणाली, “आजी, बांगड्या फोडाव्या लागतील हं.” आत्याने हात मागे ओढून घेतला. यजमान दाराशी उभे आणि सकाळी सकाळी असलं बोलणं! सिस्टरच्या बोलण्यात नम्रता काठोकाठ होती, तरी घाव बसायचा तो बसलाच. पण ती थांबली. खाटेच्या कडेला बसून म्हणाली, “माझं काही चुकलं का? तुम्ही कसं म्हणता?” आत्या म्हणाली, “बांगड्या वाढवायच्या म्हणावं, बाळ.” आणि हात पुढे केला.

विनयशीलता आली ती त्या प्रश्नात. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, हे सिस्टरला एका मिनिटात कळलं, आणि ते तिने आता सगळ्यांना लागू आहे असंही धरलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनाही तिने आधी विचारलंच, “तुमच्या बांगड्यांचं कसं करू?”

त्या म्हणाल्या, “फोड की, काचेच्याच तर आहेत.”