मुलगा समुद्रातला राक्षस रंगवतोय, पुढे काय?

प्रश्न : मी हर्णै बंदरावर मासळी विकते. मुलगा बारावी कॉमर्सला आहे. रात्र रात्र कॉम्प्युटरवर समुद्रातल्या एका काल्पनिक प्राण्याची कातडी रंगवत बसतो आणि यातच करिअर करणार म्हणतो. पुण्यातल्या एका क्लासने साडेतीन लाख फी सांगितली आहे. सोनं मोडून भरू का? त्याने केलेलं चित्र सोबत पाठवते.

उत्तर : ताई, सोनं मोडू नका. आणि मुलाला कॉम्प्युटरवरून उठवूही नका.

चित्र मी बराच वेळ पाहिलं. प्राण्याचा आकार झकास जमलाय, पण कातडी फसलीय. मानेपासून शेपटीपर्यंत खवले एकाच मापाचे आणि चकाकीही सगळीकडे सारखीच. त्यामुळे ते अंग प्लास्टिकच्या बादलीसारखं दिसतं.

या कामाला टेक्श्चरिंग म्हणतात. मॉडेल, म्हणजे प्राण्याचा कॉम्प्युटरवरचा आकार, तयार झालं की तुम्ही मोरी (छोटा शार्क मासा) सोलता तशी त्याची कातडी कॉम्प्युटरवर उलगडून सपाट पसरतात. शिवण पोटाखाली, कॅमेरा सहसा पोचत नाही अशा जागी घेतात. मग त्या सपाट कातडीसाठी वेगवेगळे थर तयार करतात. एक रंगाचा, एक बारीक उंचसखलपणाचा आणि एक चमक कुठे ओली, कुठे मंद हे सांगणारा. नवखी मुलं सगळी मेहनत रंगावर घालतात. माझ्या मते कातडी जिवंत वाटते ती या चमकेच्या थरामुळे.

आणि इथे तुमची नजर त्याच्यापेक्षा तयार आहे. होडीतून नुकता उतरलेला बांगडा आणि सकाळपासून बर्फात पडलेला बांगडा तुम्ही लांबूनच ओळखता. पाठीची निळी-हिरवी झाक कधी मरते, बुळबुळीत थर कुठे आधी सुकतो, डोळा कधी दुधाळ होतो, हे त्याला दाखवा. मोरीवर डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर, कारण तिचे दातासारखे बारीक खवले मागे झुकलेले असतात. ताज्या माकलीचे (स्क्विडचे) ठिपके तर हातातसुद्धा पसरतात आणि आवळतात. पापलेटचा पर उन्हासमोर धरला की उजेड आरपार येतो. असा कातडीच्या आत शिरून पसरणारा उजेड कॉम्प्युटरवर झटपट काढायची रीत 2001 साली हेन्रिक येन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, आणि 2004 साली तिला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्याआधी पडद्यावरची कातडी बऱ्याचदा मेणाची किंवा दगडाची वाटायची.

त्याने वर्षभर रोज अर्धा तास बंदरावर बसून वहीत काढावं, मोबाइलवर जवळून फोटो घ्यावेत. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि शिकायला पुरेसं आहे. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा आणि आयआयटी मुंबईच्या डिझाइन शाखेसाठीची यूसीड, दोन्ही कॉमर्सच्या मुलांनाही देता येतात. फॉर्म साधारण दिवाळीच्या आसपास निघतात, ते चुकवू नका. प्रवेश नाही मिळाला तर दापोलीत बी.कॉम. करता करता सराव चालू राहू शकतो, कारण चित्रपटांसाठी असे प्राणी बनवणाऱ्या स्टुडिओत मार्कशीटच्या आधी काम पाहतात. दहा अर्धवट प्राण्यांपेक्षा एक पुरा केलेला प्राणी दाखवावा.

नोकरीबद्दल लपवत नाही. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत परदेशी चित्रपटांचं काम येतं, पण नव्या मुलाच्या वाट्याला बहुधा आधी रोटो येतं, म्हणजे फ्रेममागून फ्रेम कडा कापत बसणं. काम बऱ्याचदा प्रोजेक्टपुरतं असतं, डेडलाइन आली की रात्री जागतात. साधी खवल्यांची नक्षी आता एआयसुद्धा काढून देतं. नेमक्या याच जागी कातडी खरखरीत का, हे सांगणारा माणूस मात्र लागतोच.

क्लासचं एवढ्यासाठी म्हणते की माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी कर्ज काढून फी भरली आणि सहा महिन्यांत क्लासला कुलूप लागलं. ते पैसे अजून परत मिळालेले नाहीत. पुढेमागे क्लास लावायचाच झाला तर आधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांचं काम बघा, हप्त्याने फी घेतात का विचारा.

सध्या त्याला एकच काम द्या. त्या प्राण्याची फक्त मान, एक वीत, पुन्हा रंगवायची. झाली की तुम्ही ती बाजारात बघता तशी बघा. ताजी वाटली तर मला पाठवा. शिळी वाटली तर त्याला सांगा कुठे वाटली, आणि पुन्हा करायला लावा.