डाव्या छातीतली गाठ? आधी पोटावरचा व्रण बघ

अरे, सीटीत डाव्या फुफ्फुसाच्या आवरणाला चिकटलेल्या गाठी दिसल्या की लगेच कॅन्सर लिहून मोकळा होऊ नकोस. सोलापुरात विडी-तंबाखू आणि टीबी इतका पाहतो आपण, की तिसरं काही सुचतच नाही.

जुना अपघात, प्लीहा (पोटात डावीकडचा अवयव, स्प्लीन) काढल्याचं ऑपरेशन विचार. वीस वर्षांपूर्वीचं लोक सांगत नाहीत. शर्ट वर करून व्रण बघ. प्लीहेसोबत श्वासपटलही (छाती-पोटामधला पडदा) फाटलं असेल, तर प्लीहेचे तुकडे छातीत रुजू शकतात; यालाच स्प्लेनोसिस म्हणतात.

– प्लीहा काढलेली, तरी स्मिअरमध्ये (काचेवरच्या रक्ताच्या थेंबात) हॉवेल-जॉली बॉडीज, म्हणजे प्लीहा नसली की तांबड्या पेशींत उरणारे ठिपके, नाहीत? कुठेतरी प्लीहेचा तुकडा काम करतोय अशी शंका धर.
– खात्रीसाठी उष्णता दिलेल्या तांबड्या पेशींचा टेक्नेशियम स्कॅन (किरणोत्सारी खूण लावलेल्या या पेशी प्लीहेच्या ऊतीत जमतात). सोय नसेल तर पुण्याला पाठव.
– त्याआधी गाठीचा तुकडा काढायला सुई घालू नकोस, रक्तस्राव होऊ शकतो.

निदान पक्कं झालं आणि त्रास नसला, तर गाठी सहसा तशाच ठेवतात.