यादी संपली तरी कोरी लेबलं का?

प्रश्न : आमची देवगडला हापूसची बाग आहे. पेटीवर लावायची लेबलं लिनक्सवर छोट्या शेल स्क्रिप्टने छापतो, एका ओळीत एक गिऱ्हाईक. यादी पुतण्या मुंबईहून विंडोजवर टाइप करून पाठवतो. नावं ४० पण डब्ल्यूसी -एल (ओळी मोजणारी आज्ञा) ४३ सांगतं आणि शेवटी ३ लेबलं कोरी निघतात, स्क्रिप्टमध्ये रिकामी ओळ सोडून दे असं लिहिलंय तरीही. नॅनो एडिटरमध्ये उघडून पुसायला गेलो तर तळाला एक ओळ उरतेच, ती काही केल्या जात नाही. काय करू?

उत्तर : ती उरलेली एक ओळ राहू द्या हो, ती रिकामी ओळ नाहीच. लिनक्समध्ये प्रत्येक ओळ न्यूलाइनने, म्हणजे ओळ संपल्याच्या न दिसणाऱ्या खुणेने, संपते, शेवटची पण, आणि नॅनो ती न्यूलाइन स्वतःच घालतो. ती हट्टाने काढलीत तर स्क्रिप्टमधलं व्हाइल रीड, म्हणजे यादीची एकेक ओळ वाचणारा भाग, शेवटचं नाव गाळतं, म्हणजे ४०व्या गिऱ्हाइकाची पेटी लेबलाशिवाय बागेतच राहणार.

खरी गडबड त्या तीन ओळींत आहे. स्क्रिप्ट त्यांना सोडत नाही म्हणजे त्या दिसायला रिकाम्या, पण आत काहीतरी आहे. आधी बघून घ्या : टेल यादी, मग पाइप (उभी रेघ), मग कॅट डॅश कॅपिटल ए, म्हणजे शेवटच्या ओळी लपलेल्या खुणांसकट दिसतील. नुसतं डॉलरचं चिन्ह दिसलं तर ओळ खरंच रिकामी, डॉलरच्या आधी मोकळी जागा असेल तर स्पेस, आणि कॅरेट-एम दिसलं तर ते विंडोजचं कॅरेज रिटर्न, म्हणजे विंडोज ओळीच्या शेवटी जोडतं ती जास्तीची खूण, तुमच्याकडे मला तेच वाटतंय. मराठी नावांच्या जागी एम अक्षर आणि डॅश यांचा कचरा दिसेल, घाबरू नका, फाइलला काही झालेलं नाही, कॅट फक्त बाइट दाखवतोय.

मग आधी डॉसटूयुनिक्स यादी, त्याने कॅरेज रिटर्न जातात, आणि त्यानंतर रिकाम्या ओळी गाळायला ऑक, स्पेस, कॅपिटल एनएफ, फाइलचं नाव, आणि आउटपुट नवीन फाइलमध्ये, त्याच नावावर वळवलंत तर ऑकने वाचायच्या आधीच यादी कोरी होईल. हा क्रम उलटा करू नका, कॅरेज रिटर्न असलेली ओळ ऑकला भरलेलीच वाटते. स्पेसवाल्या ओळी पण यात जातात आणि शेवटची न्यूलाइन ऑक आपणहून घालतो. पत्र किंवा लेखाच्या फाइलवर मात्र हे वापरू नका, परिच्छेदांमधल्या मोकळ्या ओळीपण उडतील.

नवीन फाइलवर डब्ल्यूसी -एल चालवा, ४० आलं की छापायला घ्या.