डिझेल पचतं, शिसं पचत नाही

प्रश्न: विहिरीवरच्या इंजिनाखाली वाफाभर जमीन डिझेलनं काळी पडलीय. काही उगवत नाही. कोणतं झाड लावू?

झाड नंतर, आधी हवा. (त्याही आधी इंजिनाची गळती बंद करा. सांगावं लागतं!) तेल खाणारे जिवाणू बहुतेक मातीत असतात. तेलातून त्यांना कार्बन रगड मिळतो, पण नत्र आणि प्राणवायू कमी पडतो. म्हणून वीतभर माती खणून ढेकळं फोडा, कुजलेलं शेणखत आणि मूठभर युरिया मिसळा, वाफसा टिकेल एवढंच पाणी द्या आणि आठवड्याला फावड्यानं खालीवर करा. चिखल केलात की काम थंडावलं. काही महिने लागतील. वास गेला म्हणजे तेल गेलं असं नाही, हलका भाग नुसता उडूनही जातो. या मातीत आणि शेजारच्या चांगल्या मातीत मेथीचे 20-20 दाणे पेरून बघा. उगवण सारखी आली की गवत लावा.

प्रश्न: परसात पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडत. मोहरी शिसं ओढते म्हणतात. किती वर्षांत जमीन साफ होईल?

तुमच्या हयातीत होईल असं मी म्हणणार नाही. शिसं हे मूलद्रव्य, जिवाणू त्याचे तुकडे करू शकत नाहीत. ते मातीला घट्ट धरून बसतं, आणि मुळांनी घेतलं तरी बरंचसं मुळांतच राहतं. मोहरीचे गाजलेले प्रयोग ईडीटीए (धातूला धरून पाण्यात विरघळवणारं रसायन) घालून शिसं मोकळं केल्यावरचे. मोकळं झालेलं शिसं पावसाबरोबर विहिरीकडेही जातं. तिथली मोहरी, पालक, मुळा खाऊ नका, गुरांना घालू नका, चुलीत जाळू नका. खरा धोका धुळीचा आहे. स्वच्छ मातीचा जाड थर देऊन त्यावर गवत वाढवा, आणि मुलं तिथं खेळत असतील तर त्यांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या.

प्रश्न: मग खाणीच्या ढिगाऱ्यांवर झाडं लावून उपयोग काय?

धातू जागीच राहतो, पण धूळ उडणं आणि पावसात वाहून जाणं कमी होतं. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर हेच केलं. साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी जोडून राहणारी मायकोरायझा बुरशी देऊन तिथं झाडं वाढवली. नुसती रोपं लावली असती तर त्या मुरमाड राडारोड्यात ती तगणं अवघड होतं.

प्रश्न: जिवाणूंची तयार बाटली घ्यावी का?

कोणत्या प्रदूषणासाठी, ते बाटलीवर नसेल तर नको. तो पैसा माती तपासणीवर घाला. मात्र शिशासारख्या जड धातूंची तपासणी वेगळी मागून घ्या, नेहमीच्या अहवालात ती नसते.